खामगावात निवृत्ती: स्वस्त काय, महाग काय

पुण्या-ठाण्यात नोकरी केलेल्या वऱ्हाडी माणसाला पन्नाशी उलटली की एक हिशेब सुचतो. तिकडचा फ्लॅट विकू, खामगावात घर घेऊ आणि पेन्शनवर आरामात राहू. "आपल्या इकडे खर्चच काय लागते?" हे वाक्य त्यात ठरलेलं. हिशेब मुळात वाईट नाही, पण त्यातल्या बऱ्याच समजुती ऐकीव आहेत.

लहान गावात गेलं की महागाई भत्ता कमी होतो, ही त्यातली एक. शहरागणिक बदलतो तो घरभाडे भत्ता, आणि तो नोकरीबरोबरच संपतो. निवृत्तिवेतनावरची महागाई वाढ मुंबईत जेवढी, तेवढीच खामगावात. ईपीएफच्या पेन्शनधारकांना तर १ जानेवारी २०२५ पासून देशातल्या कोणत्याही बँकेतून, कोणत्याही शाखेतून पेन्शन घेता येते. गाव बदललं म्हणून कागद हलवावे लागत नाहीत.

मग सगळं स्वस्तच म्हणायचं? घरभाडं, धुणं-भांडी, भाजी, हो. औषधाच्या पाकिटावरची किंमत मात्र तीच. विजेचा दरही तोच, कारण पुण्यातही महावितरण आणि इथेही महावितरण. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे गेला की कुलर दिवसरात्र चालतो, वापर शंभर युनिटांचा टप्पा कधीच ओलांडतो आणि वरच्या युनिटांना वरचा दर लागतो. शिवाय कुलरच्या टाकीत बादल्या ओतायच्या त्या वेगळ्याच. लोक गाव बघायला येतात दिवाळीत, नाहीतर कोजागिरीपासून सुरू होणाऱ्या मोठ्या देवीच्या उत्सवात. हवा छान, नातेवाईक हजर, गाव आवडणारच! माझं मत विचाराल तर एप्रिल-मे भाड्याने काढल्याशिवाय कुणी घर घेऊ नये.

पाण्याचं म्हणाल तर "बोअर मारून घेऊ" हे उत्तर सगळीकडे चालत नाही. खामगावच्या उत्तरेला, शेगाव-नांदुऱ्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथे बोअरला पाणी लागलं तरी बहुतेक ठिकाणी खारट. शहराबाहेरचं घर बघताना मालकाला आधी विचारावं की नळ किती दिवसांआड येतो आणि टाकी किती लिटरची आहे. फरशी कोणत्या कंपनीची, ते नंतर.

रेल्वेचा घोटाळाही नेहमीचा. खामगावला स्टेशन आहे, पण ते १८७० साली कापसासाठी जलंबपासून टाकलेल्या तेराएक किलोमीटरच्या फाट्याचं शेवटचं टोक. मुंबईची गाडी धरायला शेगाव किंवा अकोला गाठावं लागतं. एसटीचं मात्र सुख आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, महिलांना कोणत्याही वयात अर्धं. दुखणं मोठं असेल तर धाव पन्नासेक किलोमीटरवरच्या अकोल्याला. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण योजनेतल्या रुग्णालयातच. आपल्या आजाराचं तसं रुग्णालय कोणतं, हे सामान हलवण्याआधी शोधून ठेवावं.

खरा फटका बसतो तो एका ठाम समजुतीचा: घर विकून घर घेतलं की कर लागत नाही. सवलत मिळते ती नफ्यातल्या जेवढ्या रकमेचं नवं घर घेतलं तेवढ्यापुरती. समजा २० लाखांचा जुना फ्लॅट ९० लाखांना गेला. नफा ७० लाख. खामगावात ३५ लाखांत चांगलं घर मिळालं, तर उरलेल्या ३५ लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे उपकर धरून ४ लाख ५५ हजार कर. घर जितकं स्वस्त, तितका करपात्र नफा जास्त. फ्लॅट २३ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा पर्यायही तपासता येतो. शिवाय विक्रीपासून सहा महिन्यांत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या बाँडमध्ये ५० लाखांपर्यंत नफा गुंतवला तर तेवढ्यावर कर नाही. पैसे मात्र पाच वर्षं अडकतात, आणि ज्याच्या व्याजावर घर चालवायचं त्याला ही अट आधी कळलेली बरी.

"थोडं शेत घेऊ, आंबे लावू" म्हणणाऱ्यांनी आपण खातेदार शेतकरी आहोत का, हे पाहावं. नसेल तर महाराष्ट्रात शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि गुंठ्यावर विकला जाणारा स्वस्त प्लॉट अनेकदा अशाच शेतजमिनीचा असतो. एन.ए.चा आदेश आणि मंजूर ले-आउट हातात घेऊन बघावा. गावातलं जुनं घर असेल तर आखीव पत्रिका काढावी. वऱ्हाडातल्या शहरांत पुष्कळ जागा नझूलच्या आहेत: घर मालकाचं, पण जमीन सरकारची, भाडेपट्ट्यावर. पट्ट्याची मुदत संपलेली असेल, तर नूतनीकरणाचे पैसे कोण भरणार, हे इसारचिठ्ठीतच लिहून घ्यावं.