भिंत घरात, दुखणे बोटात

गेल्या उन्हाळ्यात १४ वर्षांचा एक मुलगा वडिलांसोबत दवाखान्यात आला. मधल्या बोटाचा मधला सांधा सुजलेला. पडला नव्हता, मार लागला नव्हता. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घरी चढाईची भिंत केली आहे. रोज दोन तास लटकतो."

८ बाय १० फुटांच्या खोलीत सुताराने लाकडी चौकटीवर १८ मिलिमीटरचे प्लायवूड ठोकून, पुढे झुकवून त्यावर खुंट्या बसवल्या होत्या. खाली जाड गाद्या. नागपूरच्या ४५ अंशांत पोराने बाहेर कुठे चढावे? मला कल्पना आवडली. चौकट ४ इंची आडभिंतीऐवजी तुळईला पक्की केली होती, हेही शहाणपणाचे.

चुकले ते रोजच्या लटकण्यात. दंडाचे स्नायू लवकर बळकट होतात, बोटांतल्या कंडरा आणि हाडे मागे राहतात. शिवाय वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेचा मऊ पट्टा असतो. हाड तिथूनच वाढते. अरुंद खुंटीवर बोटे मुडपून सगळे वजन टाकत राहिले की तोच पट्टा चिरतो. मलम चोळून खेळ चालू ठेवला तर बोट कायमचे वाकडे होऊ शकते. पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणे राहिल्यास पुन्हा तपासावे.

याच्या एक्स-रेत चीर दिसली. "दोन महिने भिंत बंद," म्हणताच त्याने तोंड पाडले. पुढे जाड खुंट्या, पायांवर भार आणि एक दिवसाआड, एवढ्यावर तडजोड झाली. बारीक खुंट्या वडिलांनी त्याच संध्याकाळी काढल्या.