हातोडा खाली ठेवण्याचा इतिहास

प्रस्तरारोहणाच्या साधनांचा इतिहास सहसा भर पडत गेल्याचा इतिहास म्हणून सांगतात. आधी दोर, मग पिटॉन, कॅराबिनर, बोल्ट, नट, कॅम. मला तो उलट बाजूने वाचावासा वाटतो. हाताशी असलेल्या, उपयोगी पडणाऱ्या कोणत्या गोष्टी आरोहकांनी आपणहून सोडून दिल्या, याची नोंद ठेवत गेलं की हा खेळ कसा मोठा झाला ते कळतं.

म्युनिकची पोरं आणि सॅक्सनीचा नियम

पहिल्या महायुद्धाआधी म्युनिकच्या तरुण आरोहकांनी आल्प्सच्या पूर्व भागातल्या चुनखडीच्या भिंतींना हात घातला. तोवर भेगेत ठोकलेल्या खुंटीच्या, म्हणजे पिटॉनच्या, कडीतून दोर ओवायचा, तर तो कमरेचा सोडून, कडीतून काढून पुन्हा बांधावा लागे; तेही एका हाताने कड्याला धरून. १९१०च्या सुमारास ओटो हेर्झोग याला अग्निशामक दलाच्या जवानांकडची स्प्रिंगची कडी दिसली आणि त्याने ती कड्यावर आणली. तोच कॅराबिनर. त्याच काळात टायरॉलचा वाटाड्या हान्स फीश्टल याने पातं आणि डोळा एकसंध असलेला पिटॉन घडवला. हान्स ड्युल्फरने दोर मांडीखालून व खांद्यावरून घेऊन उतरण्याची पद्धत रूढ केली. ड्युल्फर १९१५ साली युद्धात मारला गेला, पण पुढे हार्नेस आणि उतरण्याची उपकरणं येईपर्यंत जगभरचे आरोहक त्याच्याच पद्धतीने उतरत राहिले.

त्याच वर्षांत जर्मनीतच दुसरा विचारही उभा राहिला. ड्रेस्डेनजवळ एल्ब नदीकाठी वालुकाश्माचे शेकडो सुळके आहेत. दगड मऊ, लोखंड ठोकलं की तुटतो. रुडॉल्फ फेरमानने १९१३च्या आपल्या मार्गदर्शिकेत नियम मांडले: वर जाताना कृत्रिम आधार घ्यायचा नाही, साधनं केवळ पडल्यास वाचवण्यासाठी. तिथे आजही नट आणि कॅम ही भेगेत अडकवायची धातूची साधनं वापरत नाहीत, हाताला खडूही लावत नाहीत. भेगेत गाठ मारलेली दोरी अडकवायची आणि दगडात बसवलेल्या मोजक्या पक्क्या रिंगांवर भरवसा ठेवायचा. शंभर वर्षांहून अधिक काळ हा नियम टिकला, कारण तो त्या दगडाच्या स्वभावातून आलेला आहे.

दोराचं गणित

जुना दोर वनस्पतींच्या तंतूंचा. तो फारसा ताणत नसे आणि मोठ्या झटक्याने तुटे. त्यामुळे ‘पुढच्याने पडायचंच नाही’ हा त्या काळातला सर्वांत महत्त्वाचा नियम होता. दुसऱ्या महायुद्धात नायलॉनचे दोर आले आणि पडणं जगण्याजोगं झालं. १९५० साली अमेरिकेत आर्नल्ड वेक्सलरने बिलेचं, म्हणजे साथीदाराने दोर धरून चढणाऱ्याला सांभाळण्याचं, गणित मांडलं. दोरावर येणारा झटका तुम्ही किती मीटर पडलात यापेक्षा त्या मीटरांचं बाहेर असलेल्या दोराच्या लांबीशी काय प्रमाण आहे यावर ठरतो. बिले देणाऱ्याच्या दोन मीटर वर, मध्ये एकही आधार न लावता पडलात, तर चार मीटरांचा झटका दोनच मीटर दोराला सोसावा लागतो, प्रमाण दोन. चाळीस मीटर दोर बाहेर असताना दहा मीटर पडलात, तर प्रमाण पाव. पडणं मोठं, झटका सौम्य. म्हणूनच अनुभवी माणसं दोर घेऊन पुढे चढू लागणाऱ्याला पहिला आधार लवकर लाव असं सांगत असतात.

१९५३ साली जर्मनीच्या एडेलरिड कंपनीने आतला गाभा आणि वरचं विणलेलं आवरण असा दोर बनवला. गाभा भार घेतो, आवरण घासटण्यापासून जपतं. आजचे दोर याच रचनेचे असतात. एकेरी दोराची चाचणी ८० किलोच्या वजनाने घेतात. तो किमान पाच कठोर झटके सोसला पाहिजे आणि पहिल्या झटक्यात बारा किलोन्यूटनपेक्षा जास्त जोर पुढे जाता कामा नये. पण दोर कितीही पक्का असला, तो नुसता कमरेला बांधून काही मिनिटं लोंबकळलं की श्वास कोंडतो. १९७०च्या अन्नपूर्णा दक्षिण भिंतीच्या मोहिमेसाठी डॉन व्हिलन्सच्या कल्पनेतून घडलेल्या बसत्या हार्नेसने हा धोका पुष्कळ कमी केला.

पोलादाने केलेल्या जखमा

युरोपातले पिटॉन मऊ लोखंडाचे. ठोकले की भेगेच्या आकारात वळत आणि बहुधा तिथेच राहत. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीचा ग्रॅनाइट कडक, भेगा सरळ. स्वित्झर्लंडहून आलेला जॉन सालाथे हा लोहार. त्याने कडक पोलादाचे पिटॉन घडवले आणि १९४७ साली अँटन नेल्सनबरोबर पाच दिवसांत लॉस्ट ॲरो सुळक्याची चिमणी, म्हणजे अंग आत मावेल अशी उभी भेग, चढली. हे पिटॉन काढून पुन्हा वापरता येत. १९५७ पासून ईव्हॉन श्विनार्ड भट्टी टाकून तसेच पिटॉन विकू लागला. १९७०पर्यंत त्याची कंपनी आरोहणाच्या धातूच्या साधनांची अमेरिकेतली सर्वांत मोठी पुरवठादार झाली.

पण प्रत्येक चढाईत ठोका आणि काढा, ठोका आणि काढा. भेगा रुंदावल्या. योसेमिटीतल्या सेरेनिटी क्रॅकवर आजचे आरोहक ज्या खळग्यांत बोटं घालतात, ते पिटॉनांनी पाडलेले आहेत.

यावरचा उपाय वेल्समधून आला. तिथले आरोहक भेगेत दगड अडकवून त्याभोवती दोरी ओवत. मग त्यांनी रेल्वेमार्गाकडेला सापडणारे यंत्राचे नट उचलले, आटे घासून गुळगुळीत केले आणि दोरीत ओवले. १९६१ साली जॉन ब्रेल्सफर्डने खास आरोहणासाठी नट बनवला. अमेरिकन आरोहक रॉयल रॉबिन्स १९६६मध्ये ब्रिटनमध्ये हे पाहून गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने व लिझ रॉबिन्सने योसेमिटीत नटक्रॅकर हा मार्ग एकही पिटॉन न ठोकता केला.

आणि मग १९७२. श्विनार्ड आणि त्याचा भागीदार, विमानविद्येचा अभियंता टॉम फ्रॉस्ट यांनी आपल्या धंद्याचा कणा असलेले पिटॉन हळूहळू बंद करायचं ठरवलं. त्या वर्षीच्या त्यांच्या विक्रीपत्रकात डग रॉबिन्सनचा दीर्घ लेख होता: हातोडा ठेवा, बोटांनी लावता आणि काढता येतील असे आधार वापरा. काही महिन्यांतच पिटॉनांची मागणी ओसरली आणि नट पुरवताना कंपनीची दमछाक झाली. विकणाऱ्यानेच आपला खपणारा माल घेऊ नका असं सांगितलं आणि घेणाऱ्यांनी ते मानलं. या खेळाच्या इतिहासात याहून मोठी चढाई मला ठाऊक नाही.

नट निमुळत्या भेगेत बसतो, समांतर भेगेतून निसटतो. तो प्रश्न रे जार्डिनने सोडवला. त्याच्या साधनात, म्हणजे कॅममध्ये, वक्र पाकळ्या असतात. दांडी ओढली गेली की त्या फिरून भिंतींवर अधिक जोराने दाबल्या जातात. पाकळीचा वक्र लघुगणकीय सर्पिलाचा असल्याने भेग थोडी अरुंद असो वा रुंद, दाबाचा कोन तोच राहतो. मार्क व्हॅलन्सच्या वाइल्ड कंट्री कंपनीने १९७८मध्ये ते ‘फ्रेंड’ या नावाने बाजारात आणलं.

बूट, खडू, श्रेणी

१९३५मध्ये आल्प्समध्ये सहा सोबती गमावल्यावर विताले ब्रामानीने खाचांचा रबरी तळ तयार केला, तोच व्हिब्रॅम. पुढे १९८०च्या दशकात स्पेनच्या बोरेआलने चिकट रबराचा बूट आणला. हाताचा खडू, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, व्यायामशाळेतून आला. १९५०च्या दशकात गणिताचा अभ्यासक जॉन गिल याने तो गोल धोंड्यांवर नेला आणि बोल्डरिंगला स्वतंत्र कलेचा मान मिळवून दिला.

नवख्यांचा सर्वांत जास्त गोंधळ श्रेणींनी होतो. अमेरिकेत पाचवी श्रेणी म्हणजे दोराची गरज असलेलं आरोहण. १९५०च्या दशकात टाकिट्झ कड्यावर तिचे ५.० ते ५.९ असे दहा भाग पाडले. त्याहून अवघड मार्ग झाले तेव्हा पुढचा आकडा ५.१० आला. म्हणून ५.१० हा ५.९च्या वरचा, दशांशाचं गणित इथे चालत नाही. श्रेणी देण्याच्या इतर पद्धतीही आहेत: २०१७ साली नॉर्वेच्या फ्लाटांगरमध्ये ॲडम ओंद्राने ‘सायलेन्स’ केला; त्याला फ्रेंच पद्धतीत ९सी दिली गेली.

मार्ग कोणत्या रीतीने चढला यालाही नावं आहेत. ऑनसाइट म्हणजे मार्गाची काहीही माहिती नसताना पहिल्याच प्रयत्नात, न पडता. फ्लॅश म्हणजे माहिती घेऊन, पण पहिल्याच प्रयत्नात. रेडपॉइंट म्हणजे सरावानंतर, पण शेवटच्या चढाईत दोरावर वा पिटॉनवर भार न टाकता. ही शेवटची रीत जर्मनीच्या फ्रँकेन्युरातली. १९७५मध्ये कुर्ट आल्बर्ट आधार न घेता चढलेल्या मार्गाच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवू लागला. यातही सोडणंच आहे: लोखंड समोर असून ते न धरणं.

आपल्या सुळक्यांसाठी

सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ग्रॅनाइटसारख्या लांब, स्वच्छ भेगा त्यात कमी. मध्ये मुरमाड थर, गवत, सुटे धोंडे. त्यामुळे आपल्याकडे पिटॉन आणि बोल्ट (दगडाला छिद्र पाडून बसवलेली मेख) यांना कारण होतं आणि आहे. पहिल्या चढाया करणाऱ्यांनी तुटपुंज्या साधनांनिशी जे धाडस केलं, त्याबद्दल मला आदरच आहे. मात्र चार महिन्यांच्या पावसात गंजलेल्या जुन्या मेखांशेजारी नवी मेख, तिच्याशेजारी आणखी एक, असं होत राहिलं तर सुळक्याचं रूप बदलतं आणि कोणती मेख विश्वासाची हेही कळेनासं होतं.

आपल्याला १९७२चं विक्रीपत्रक जसंच्या तसं लागू नाही. एल्बकाठचा नियमही नाही. दगड वेगळा, म्हणून नियमही आपला आपणच घडवावा लागेल. जिथे नट किंवा कॅम पक्का बसतो तिथे छिद्र पाडू नये. जिथे बोल्ट हवाच तिथे तो गंज न धरणाऱ्या पोलादाचा, नीट जागी आणि एकच असावा. जुना खराब बोल्ट काढून शक्य तर त्याच जागी नवा बसवावा. आणि कोणी, कधी, काय लावलं याची नोंद क्लबांनी एकमेकांना खुली ठेवावी. साधनं आता पैसे मोजले की मिळतात. ती कुठे वापरायची नाहीत हे ठरवणं मात्र प्रत्येक पिढीला स्वतः शिकावं लागतं, आणि ते शिकवणं हे दोर बांधायला शिकवण्याइतकंच आपलं काम आहे.