‘सीनियर’ इंजिनिअरचे काम नेमके काय?

मागच्या महिन्यात एक यंत्रमागवाले मित्र दुकानावर आले होते. त्यांचा मुलगा पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सात वर्षांच्या नोकरीनंतर नुकताच ‘सीनियर’ झाला. पण मित्र काळजीत होते. म्हणाले, “भाई, पगार वाढला आणि काम घटले. आधी दिवसभर प्रोग्राम लिहायचा, आता अर्धा दिवस दुसऱ्यांचे लिहिलेले वाचतो. अशी नोकरी किती दिवस टिकणार?”

हा गैरसमज आपल्या पुष्कळ घरांत आहे, म्हणून थोडा खुलासा करतो.

कारखान्यात कारागीर आपल्या मागापुरता जबाबदार असतो. जॉबर स्वतः कापड विणत नाही, पण त्याच्याकडचे सगळे माग नीट चालले पाहिजेत. थानात डॅमेज निघाला की मालक आधी त्यालाच बोलावतो. सीनियर इंजिनिअरचेही तसेच आहे. नवीन मुलांनी लिहिलेला प्रोग्राम त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जात नाही. चूक दाखवायची, पण मुलाची हिंमत न मोडता. हे उस्तादाचे काम आहे आणि ते प्रत्येकाला जमत नाही. कामाला किती दिवस लागतील याचा अंदाज त्यानेच द्यायचा. साहेबाला खूष करण्यासाठी पंधरा दिवसांचे काम आठ दिवसांत सांगितले, तर पुढचा सगळा खोटेपणा त्याच्याच माथी येतो. चालू प्रोग्राम रात्री दोन वाजता बंद पडला, तरी फोन बहुधा त्यालाच.

आपल्या धंद्याला हे समजायला अवघड नाही. जॅकार्डच्या कार्डात एक छिद्र चुकले की तीच चूक नक्षीबरोबर थानभर येत राहते. (छिद्रांच्या कार्डांची कल्पना संगणकवाल्यांनी मागावरूनच उचलली, हे आपल्या मुलांनाही ठाऊक नसते.)

दुसरी नजर नसली तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. नाईट कॅपिटल ही शेअर बाजारातली मोठी दलाली कंपनी. १ ऑगस्ट २०१२ पूर्वी तिने आपल्या आठ संगणकांवर नवा प्रोग्राम चढवायला घेतला. चढवणाऱ्याकडून एक संगणक राहून गेला. त्या एकावर २००३ पासून वापरात नसलेला जुना प्रोग्राम तसाच पडून होता. तो वेळीच पुसायला हवा होता, पण कोणी पुसला नव्हता. सकाळी बाजार उघडताच तो जागा झाला आणि भराभर सौदे करू लागला. पाऊण तासात चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले आणि ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झाले. घाईत दुरुस्ती करताना बरोबर चाललेल्या सात संगणकांवरूनही नवा प्रोग्राम काढला गेला, त्यामुळे नुकसान आणखी वाढले. पुढच्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

सरकारी चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. एक, चढवलेले काम दुसऱ्या माणसाने तपासावे असा लेखी नियमच तिथे नव्हता. दोन, बाजार उघडण्याआधी संगणकाने स्वतः चुकीची सूचना देणारे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते, पण त्यावर कोणी काही केले नाही. चढवणाऱ्या एका माणसावर सगळा दोष टाकणे मला योग्य वाटत नाही. जुने सामान काढायला लावणे, तपासणीचा नियम घालणे, इशारा कोणाच्या हाती पडेल हे ठरवणे, ही वरच्या अनुभवी माणसांची कामे होती.

मित्राला मी हा किस्सा सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “म्हणजे पोरगा फोल्डिंग खात्यातही बसतो म्हणा.” फोल्डिंगला माल विणून झाल्यावर येतो. इथे मात्र काय विणायचे, कोणत्या सुताचे आणि कशाला नकार द्यायचा, हेही बरेचसे सीनियरलाच आधी ठरवावे लागते.

ज्यांची मुले या पदाच्या मुलाखतीला जाणार आहेत त्यांनी एक करावे. किती भाषा येतात याची यादी पाठ करण्यापेक्षा, आपल्या हातून काय बिघडले, ते कसे सापडले आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, हे तारखेसह वहीत लिहून ठेवावे. अशा मुलाखतीत हे हमखास विचारतात.