परत आलेली ट्यूब

रायपूरच्या गोल बाजारापासून दाऊ कल्याणसिंह रुग्णालय फार लांब नाही. अशा मोठ्या रुग्णालयांत खेड्यापाड्यांतून माणसं येतात. सकाळी दिलेलं रक्त ‘पुन्हा द्यावं लागेल’ असा निरोप दुपारी आला, की त्यांचा दिवस, गाडीभाडं आणि धीर, तिन्ही खर्ची पडतात. राग निघतो तो प्रयोगशाळेवर. माझं म्हणणं उलट आहे. खराब नमुना ओळखून परत करणं ही प्रयोगशाळेची पहिली तपासणी आहे, आणि जिथून एकही ट्यूब परत येत नाही तिथल्या रिपोर्टवर माझा विश्वास कमीच बसेल.

नमुना बिघडतो तो बहुधा यंत्रापाशी पोचण्याआधी. इटलीतल्या पादुआच्या रुग्णालयात प्लेबानी आणि कारारो यांनी केलेली पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळेच्या खाती जमा झालेल्या चुकांपैकी ६८.२ टक्के चुका प्रत्यक्ष तपासणीपूर्वीच्या निघाल्या. सुमारे दहा वर्षांनी पुन्हा मोजल्या तेव्हाही ६१.९ टक्के. दंडाला पट्टा मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळून ठेवला, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, सुई न काढताच रक्त ट्यूबमध्ये दाबून सोडलं, की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम सीरममध्ये उतरतं. त्यामुळे पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. त्याहून घातक गोष्ट अशी की खरोखर २.८ इतकं खाली गेलेलं पोटॅशियम अशा नमुन्यात ४ दिसू शकतं. आकडा नॉर्मल, म्हणून कुणी थांबत नाही, आणि हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका तसाच राहतो. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं थोडं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतलं, तर तिच्यातल्या ईडीटीए या रसायनामुळे पोटॅशियम चढतं आणि कॅल्शियम घसरतं. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असतं. ती अर्धीच भरली तर रक्त गोठायला वेळ लागतो असा खोटाच निष्कर्ष निघतो. रायपूरच्या मे महिन्यात नमुना उन्हात राहू नये हे सहज पटतं, पण सीरम वेगळं न करता तो बर्फात ठेवला तरीही पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, हे पुष्कळदा ध्यानात राहत नाही.

नमुना परत करण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप सिकलसेलच्या रुग्णांकडून येतो, आणि तो छत्तीसगडात व विदर्भात टाळता येणार नाही. आधीच रक्त कमी असलेल्या, शिरा सापडत नसलेल्या मुलाला पुन्हा टोचायचं का? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्याचं उत्तर खराब नमुना चालवून घेणं हे नव्हे. ज्या तपासण्यांवर परिणाम होत नाही त्या त्याच ट्यूबवर कराव्यात, पोटॅशियमसारख्या बाकीच्या रोखाव्यात, आणि पुढच्या वेळी अनुभवी हाताने लहान ट्यूबमध्ये रक्त घ्यावं. शिवाय या आजारात पेशी शरीरातच फुटत असतात. नीट काढलेल्या नमुन्याचं सीरमही पुन्हा पुन्हा गुलाबी येत असेल तर दोष सुईचा नसून तो आजाराचाच पुरावा असेल. तिथे नुसतं ‘रिजेक्ट’ लिहिणाऱ्याने महत्त्वाची खबर फेकून दिली. उलट नुकतंच रक्त चढवलेल्या मुलाचा नमुना दिसायला निर्दोष असतो, पण त्यात दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असल्याने सिकलचा निष्कर्ष फसवा ठरू शकतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तपासण्यांची संख्या मोठी आहे, म्हणून अर्जावर रक्त कधी चढवलं ती तारीख असणं मला यंत्राइतकंच गरजेचं वाटतं.

दुसरा आक्षेप असा, की परतीची सवय लागली तर प्रयोगशाळा आपलं काम वॉर्डावर ढकलेल. नुसता शिक्का मारला तर नक्कीच ढकलेल. आयएसओ १५१८९ या मानकात नमुना स्वीकारण्याचे व नाकारण्याचे निकष आधी ठरवलेले असावे लागतात. पुन्हा मिळणं अवघड अशा नमुन्याची, उदाहरणार्थ पाठीच्या कण्यातल्या पाण्याची, तपासणी करून रिपोर्टवर मर्यादा नोंदवण्याची वाटही त्यात आहे. नाव मात्र जुळत नसेल तर रक्ताच्या ट्यूबला सवलत नको, कारण दुसऱ्याच्या रक्तगटाचं रक्त चढलं तर जीव जाऊ शकतो. आणि परतीचं कारण ज्या सिस्टरने किंवा इंटर्नने रक्त काढलं त्याच व्यक्तीला त्याच पाळीत फोनवर कळलं पाहिजे: कोणती ट्यूब, काय बिघडलं, काय बदलायचं. महिन्याअखेरच्या तक्त्यात ‘हिमोलाइज्ड’ म्हणजे पेशी फुटलेल्या नमुन्यांची बेरीज दिसते, पण कोणत्या वॉर्डात दट्ट्या जोरात ओढला जातो ते त्या फोनवरच्या दोन मिनिटांत उमगतं.