शहाडच्या पुलावर ड्रॅगचा पिस्टन

कल्याणजवळच्या शहाड-उल्हासनगर पट्ट्यात गॅरेजसमोर एखाद्या बाइकचं हाफ इंजिन खोललेलं दिसलं की चार पोरं जमतात, आणि त्यातला एक तरी ठासून सांगतो, ‘‘भाऊ, हाय कॉम्प्रेशन पिस्टन टाक. गाडी उडेल.’’ उडते ती बहुधा पिस्टनची कड. म्हणून या एका वाक्याचा आधी नीट समाचार घेऊ.

गैरसमज : कॉम्प्रेशन जितकं जास्त, तितकी गाडी पळणार.

वस्तुस्थिती : पिस्टन तळाशी असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, ती तो माथ्यावर आल्यावर किती पट लहान होते, हा आकडा म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. तो वाढला की त्याच पेट्रोलातून जास्त काम निघतं, इथपर्यंत खरं. पण किती जास्त? पेट्रोल इंजिनाच्या ऑटो चक्राच्या सूत्रात आकडे घालून बघा. ९ ला आदर्श कार्यक्षमता ५८.५ टक्के येते, ११ ला ६१.७ आणि १२ ला ६३. म्हणजे ९ वरून ११ वर गेल्याचा फायदा साडेपाच टक्क्यांच्या आसपास, तोही कागदावर. १५ हॉर्सपॉवरच्या गाडीला त्यातून एक हॉर्सपॉवरसुद्धा मिळत नाही. पुढे ११ वरून १२ वर जाण्याचे जेमतेम दोन टक्के.

आता त्याची किंमत. दाब वाढला की उष्णता वाढते. प्लगची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं आणि इंजिन टकटक करू लागतं. तेच नॉकिंग. ते चालू राहिलं तर रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात, पिस्टनला भोक पडतं. ब्रिटिश अभियंता हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात रेशो बदलता येणारं प्रयोगाचं इंजिन बांधून दाखवलं की प्रत्येक इंधनाला झेपेल अशी कॉम्प्रेशनची एक मर्यादा असते. शंभर वर्षं झाली. गॅरेजच्या कट्ट्यावर ती बातमी अजून पोचायची आहे.

नॉकिंग थांबवायला मिस्त्री इग्निशन मागे घेतो. टकटक थांबते, पण ज्या ताकदीसाठी पैसे मोजले तीही गेली. मग पिस्टन बदलला कशाला?

यावर ठरलेलं उत्तर येतं : ‘‘ड्रॅगला तर चालला की!’’ चालणारच. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या ड्रॅग शर्यतीत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर पळायचं असतं. इंजिन चढ्या आरपीएमवर, समोरून वारा, काही सेकंदांत खेळ खलास, आणि पुढच्या फेरीपर्यंत इंजिनाला विश्रांती. त्यात घाटमाथ्यावर हवा विरळ, म्हणून सिलिंडरमधला दाबही कमी. तीच गाडी मे महिन्यात शहाडच्या उड्डाणपुलावर आणा. मागे माणूस, पुढे डंपर, एअरकूल इंजिन तापून लाल, आणि तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर चढाला थ्रॉटल पिळलेला. नॉकिंगला याहून अनुकूल स्थिती नाही. शिवाय ड्रॅगचे कॅम इनटेक वॉल्व्ह उशिरा बंद करतात. त्यामुळे कमी आरपीएमवर थोडं मिश्रण परत जातं आणि प्रत्यक्ष दाब उतरतो. कॅम कंपनीचाच ठेवून नुसता फुगीर माथ्याचा डोम पिस्टन घातला की ही सूटही गेली.

‘‘मग यामाहाच्या आर-वन-फाइव्हचं ११.६ कसं चालतं?’’ कारण तिथे लिक्विड कूलिंग आहे, चार वॉल्व्ह आहेत, इग्निशन सांभाळणारं ईसीयू आहे, आणि ५८ मिमीच्या बोअरमध्ये ज्योतीला फार लांब जावं लागत नाही. रॉयल एनफिल्डची जुनी ३४६ सीसी क्लासिक एअरकूल, दोन वॉल्व्हची, बोअर ७० मिमी. म्हणून कंपनीने ८.५ वर थांबवली. ती १० वर न्यायला ज्वलनकक्षातून सुमारे ७.७ सीसी जागा कमी करावी लागते, म्हणजे चहाचा दीड चमचा. एवढ्याशा फरकावर सगळं अवलंबून असताना अंदाजपंचे सिलिंडरचं हेड घासणाऱ्याला काय म्हणावं?

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘बोअर किटने फक्त सीसी वाढतात.’ १५० सीसीचा रेशो ९.५ असेल आणि हेडमधली जागा तेवढीच ठेवून १८० केलं, तर तो आपोआप ११.२ होतो. अशा किटला खोलगट पिस्टन लागतो.

‘फोर्ज्ड पिस्टन कधीच जात नाही.’ तो मार जास्त सोसतो, पण नॉकिंगपुढे अमर नाही. २६१८ मिश्रधातूचा पिस्टन जास्त फुगतो म्हणून ढिला बसवावा लागतो आणि थंड इंजिनात वाजतो. रोजच्या गाडीला जास्त सिलिकॉनचा ४०३२ बरा.

‘अमेरिकेत ९३ ऑक्टेनवर चालतं, आपलं जुनं ९१ म्हणजे जवळपास तेच.’ अजिबात नाही. त्यांचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो, आपला फक्त रॉन या एकाच चाचणीचा. त्यांचं ९३ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९८.

‘वीस टक्के इथेनॉलच्या ई-२० पेट्रोलमुळे ऑक्टेन पडलं.’ उलट ९१ वरून वाढलं. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये ते ९५ असल्याचं सांगितलं. पण इथेनॉलमुळे कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ होतं. जेट वाढवला नाही तर पिस्टन तापतो.

‘१०० ऑक्टेन भरलं की पिकअप वाढतो.’ कंपनीच्या ८.५ ला नॉकिंगच नसेल, तर वाढतं फक्त बिल.

‘कॉम्प्रेशन गेजवर दाब जास्त म्हणजे रेशो जास्त.’ तो दाब कॅम आणि रिंगांवरही ठरतो.

‘आतलं काम कोणाला दिसतं?’ नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही, मग तो आत असो वा बाहेर. आणि शहाडचा मुरबाड रोड ही धावपट्टी नव्हे.

तेव्हा रोज चालवायच्या एअरकूल गाडीला कंपनीच्या आकड्यावर अर्धा, फार तर एक पॉइंट चढवा. कॅम आणि जेट त्याच वेळी ठरवा. हेडवर ॲक्रिलिकची पट्टी ठेवून ब्युरेटने जागा मोजून घ्या. मिस्त्री मोजायला तयार नसेल, तर हेड काखोटीला मारून दुसरं गॅरेज गाठा.