गुंजभर सोनं आणि हातभर माती

विदर्भात ओसाड पडलेल्या गावठाणाला रीठ म्हणतात आणि बहुतेक रिठांना गुप्तधनाची एखादी तरी कहाणी चिकटलेली असते. सात हंडे पुरलेले असतात, त्यांच्यावर नाग बसलेला असतो, आणि पायाळू माणसालाच ते दिसतात. भंडारा जिल्ह्यात अशा कहाण्यांना खतपाणी मिळायला कारणही आहे. वैनगंगेकाठची पवनी ही दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं आणि शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा एक स्तूप उजेडात आला. इतकं जुनं गाव म्हटल्यावर ‘खाली काहीतरी असणारच’ हे लोकांचं म्हणणं खरंच आहे. चूक होते ती पुढे. ‘काहीतरी’ म्हणजे हंडाभर सोनं, आणि सोनं म्हणजे त्याचं वजन, असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात जुन्या वस्तीत सोनं मिळालंच तर ते बहुधा तुकड्यांत मिळतं: एखादा मणी, तारेचं वेटोळं, नखाएवढा पत्रा, तुटलेल्या कर्णभूषणाचा अर्धा भाग. अशा तुकड्याचं खरं मोल तो ज्या मातीत, ज्या खोलीवर, ज्या वस्तूंच्या शेजारी पडलेला होता त्या जागेत असतं. सोन्याच्या शोधांभोवतीचे जवळजवळ सगळे गैरसमज ही एक गोष्ट नजरेआड झाल्यामुळे जन्मतात.

पहिला गैरसमज अगदी साधा आहे: जे पिवळं चमकतं ते सोनं. आपल्या भागातल्या मातीत अभ्रकाचे कण ओले असताना उन्हात हुबेहूब सोन्यासारखे लखलखतात. सुवर्णमाक्षिक नावाच्या खनिजाच्या नावातच सोनं आहे, अंगात मात्र ते लोह आणि गंधक बाळगतं. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, माक्षिकाचा दाबाखाली चुरा होतो, सोनं मात्र चेपलं जातं, तुटत नाही. पितळेच्या भांड्यांसाठी भंडारा पिढ्यान्‌पिढ्या ओळखला जातो, तेव्हा जुन्या पितळेचा तुकडा शेतात मिळणंही अगदी शक्य आहे. पण पितळेत तांबं असतं आणि ओल्या मातीत ते हिरवं पडतं. शंभर-दोनशे वर्षं मातीत राहून जो तुकडा काल घडवल्यासारखा पिवळा निघतो, त्याबद्दल सोन्याची शंका घ्यायला हरकत नाही. मात्र मातीतलं प्रत्येक खरं सोनंसुद्धा माणसानं पुरलेलं नसतं. साकोलीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन खडकांच्या पट्ट्यात भूवैज्ञानिकांना सोन्याचे अंश आढळले आहेत. शेजारच्या बालाघाट भागात नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणाऱ्या सोनझरी लोकांची नोंद रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरच्या आपल्या ग्रंथात केली आहे. नदीतून वाहत आलेला कण घासून गुळगुळीत झालेला, बेढब असतो. त्यावर हातोडीचा घाव, कात्रीची कड, भोक, डाग दिल्याची खूण यांपैकी काही दिसत नाही. दोन्ही सोनंच, पण एक भूविज्ञानाचा विषय आहे आणि दुसरा इतिहासाचा. हा फरक भिंगाखाली पाहून ठरतो, सराफाच्या तराजूत ठरत नाही.

सराफाकडे जाण्याची घाई तर या बाबतीत सगळ्यात महागात पडते. कसोटीवर घासलं की कस कळतो, पण त्याच घर्षणात वस्तूच्या पृष्ठभागाचा पुरावा पुसला जातो. आम्ल लावलं, चिंचेनं किंवा रिठ्यानं घासून लखलखीत केलं, की खोबणीत अडकलेली माती, राळ, लाखेचा अंश धुऊन जातो. त्या लाखेवरूनच कधी कधी कळत असतं की हा पत्रा पोकळ दागिन्याचा होता की लाकडी पेटीवर मढवलेला होता. शिवाय पृष्ठभागावरचा कस फसवा असतो. जमिनीत दीर्घकाळ राहिलेल्या मिश्र सोन्यातलं तांबं आणि चांदी वरच्या थरातून झिरपून जाते, म्हणून वरून ते आतल्यापेक्षा शुद्ध दिसतं. प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या साहाय्यानं वस्तूला ओरखडाही न पाडता घटक मोजता येतात, आणि तिथेही जाणकार माणूस ही वरच्या थराची गोष्ट लक्षात ठेवूनच निष्कर्ष काढतो.

यंत्राबद्दलचा भ्रम याहून नवा आहे. धातुशोधक यंत्र आता सहज विकत मिळतं आणि ते ‘सोनं दाखवतं’ अशी समजूत पसरली आहे. यंत्र दाखवतं ती विद्युतवाहकता. त्याच्या वेटोळ्यातून निघणाऱ्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतल्या धातूत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात आणि यंत्र ते टिपतं. अॅल्युमिनियमच्या वेष्टनाचा चुरगळा आणि सोन्याचा पातळ पत्रा त्याला बऱ्याचदा सारखेच वाटतात. मोठ्या, खर्चिक साधनांचीही मर्यादा असते. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात डौंडिया खेडा इथे २०१३ साली एका साधूच्या स्वप्नातल्या हजार टन सोन्याची देशभर चर्चा झाली. भूवैज्ञानिक तपासणीत जमिनीखाली काहीतरी वेगळं असल्याचे संकेत मिळाले आणि पुरातत्त्व खात्यानं खणायला घेतलं. सुमारे महिनाभराच्या कामानंतर मिळालं काय, तर जुन्या वस्तीचे अवशेष: खापरं, विटांचं बांधकाम. सोनं नव्हतं. त्या खापरांकडे मग कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, याचं वाईट वाटतं, कारण पुरातत्त्वाच्या दृष्टीनं तिथे सापडलेली खरी वस्तू तीच होती.

वयाबद्दलही असाच घोळ आहे. ‘कार्बन चाचणी करा, किती वर्षांचं ते कळेल’ असं सर्रास म्हटलं जातं. ही चाचणी एकेकाळी जिवंत असलेल्या पदार्थांना लागू पडते: कोळसा, हाड, धान्य, लाकूड. सोन्याला ती लागूच होत नाही. सोन्याचं वय ठरतं ते त्याच्या घडणीवरून, त्यावर अक्षरं असतील तर लिपीवरून, आणि सगळ्यात भक्कमपणे त्याच थरात सापडलेल्या कोळशावरून आणि खापरांवरून. म्हणजे वस्तू उपसून माती फेकून दिली, की वय सांगणारा साक्षीदारच फेकला जातो. शुद्धतेवरूनही वय सांगता येत नाही. सोनं वितळवून पुन्हा पुन्हा घडवण्याची रीत फार जुनी आहे.

जागा काय सांगू शकते, याचं महाराष्ट्रातलं उत्तम उदाहरण नालासोपाऱ्याचं आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथली बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखली जाणारी टेकडी उकलली. आत दगडी पेटी निघाली, तिच्यात तांब्याचा करंडक, आणि त्याच्या आत एकात एक बसवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि शेवटी सोन्याचे करंडक. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. सोबत सुमारे ३०० चिमुकली सोन्याची फुलं होती. यातलं एक फूल एकटं शेतात सापडलं असतं तर? कुणी ते नथीचा तुकडा म्हटलं असतं, कुणी वितळवलं असतं. तिथे मात्र ते पूजेचं फूल ठरलं, कारण कोणाभोवती ते वाहिलं होतं हे दिसत होतं. आणखी एक गोष्ट त्या पेटीनं सांगितली. आत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचं चांदीचं नाणं होतं, म्हणजे काळ इसवी सनाचं दुसरं शतक. पण तांब्याच्या करंडकाभोवती मांडलेल्या आठ कांस्य बुद्धमूर्ती शैलीनं कित्येक शतकं नंतरच्या. म्हणजे स्तूप मध्ये एकदा उघडला गेला होता आणि भाविकांनी त्यात नवी भर घालून तो पुन्हा बंद केला होता. कोणत्याही ग्रंथात न लिहिलेली ही घटना कळली ती केवळ मांडणी जशीच्या तशी टिपल्यामुळे. पवनीसारख्या स्तूपांच्या गावात सोन्याचं एखादं फूल कुणाच्या फावड्याला लागलं, तर त्याचं मोल काय असेल याचा अंदाज यावरून यावा.

याच्या उलट उदाहरणही आपल्या शेजारचंच आहे. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावी १८७० साली गुरं राखणाऱ्या मुलांना जमिनीतून डोकावणारा तांब्याचा तुकडा दिसला आणि खणल्यावर ४२४ ताम्रवस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. पत्र्यांत काही गोल तबकड्या, काही बैलाच्या मुंडक्याच्या आकाराचे. देशात इतरत्र मिळालेल्या अशा ताम्रनिधींमध्ये चांदी सहसा आढळत नाही, म्हणून हा निधी जगभर गाजला. पण तो कोणत्या थरात होता, जवळ वस्ती होती का, कोणती खापरं होती याची नोंद कुणीच केली नाही. वस्तू वेगवेगळ्या संग्रहालयांत विखुरल्या. दीडशे वर्षांनंतरही त्या चांदीचा काळ आणि उपयोग यांवर वाद चालू आहेत. दोष त्या मुलांचा अजिबात नाही. त्यांनी वस्तू पाहिली, नोंद करण्याचं काम मोठ्यांचं होतं.

‘एवढ्याशा तुकड्यानं इतिहासात काय फरक पडतो?’ ही शंका रास्त वाटते, पण ती टिकत नाही. बस्तरमध्ये एडेंगा इथे नल राजांची ३२ सोन्याची नाणी मिळाली. ही नाणी पातळ पत्र्यावर एकाच बाजूनं ठसा उठवलेली, मागून खोलगट. न जाणणाऱ्याला ती बटणं किंवा दागिन्याच्या टिकल्या वाटावीत अशीच. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि वराह, भवदत्त, अर्थपती या राजांची नावं पक्की झाली. याच नलांनी वाकाटकांच्या नंदिवर्धन या राजधानीतून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून, दिलेला ताम्रपटही उपलब्ध आहे. बस्तर आणि रामटेक यांच्या मध्ये भंडारा येतो. अशी एक टिकली या जिल्ह्यातल्या नेमक्या ठिकाणाच्या नोंदीसह हाती आली तर वाकाटकांच्या राज्यातल्या नल स्वारीचा प्रश्न पुढे सरकेल. तीच टिकली ठिकाणाशिवाय सराफकट्ट्यावर सापडली, तर ती निव्वळ गुंजभर सोनं.

आता सगळ्यात जड आक्षेप. लोक म्हणतात, कळवलं की सरकार घेऊन जातं आणि हाती काही येत नाही. कायदा तसं म्हणत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडला तर सापडवणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय मिळालं, कुठे मिळालं, कधी मिळालं. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून हक्क सांगणाऱ्यांना बोलावतात. निधी बेवारस ठरला आणि जमीनमालक दुसराच असला, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक हिस्सा मालकाला, अशी सर्वसाधारण वाटणी कायद्यातच आहे. सरकारला तो हवा असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देऊन घेण्याची तरतूद आहे. लपवणाऱ्याचा मात्र हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रक्रिया रेंगाळते, कागद फिरत राहतात, ही तक्रार खरी आहे आणि ती सरकारनं ऐकली पाहिजे. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सामान्य माणसांना सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारी योजना चालते आणि पंधरा लाखांहून अधिक वस्तू तिच्या यादीत आहेत. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये धातुशोधक यंत्र वापरणाऱ्याला मिळालेल्या हजारो सुवर्ण-रजत तुकड्यांची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली आणि ती सापडवणारा व शेतमालक यांच्यात वाटली गेली. विश्वास बसतो तो अशा वागण्यानं. आपल्याकडेही तालुक्याच्या पातळीवर अशी सोपी नोंद हवी. पण व्यवस्था संथ आहे म्हणून पुरावा वितळवणं हे उत्तर होऊ शकत नाही, कारण संथ काम उद्या वेग घेऊ शकतं, वितळलेलं फूल परत येत नाही. जमीन जाईल ही भीतीही अतिरंजित आहे. एखादी वस्तू सापडल्यानं शेत आपोआप संरक्षित होत नाही. त्यासाठी अधिसूचना काढून दोन महिने हरकती मागवाव्या लागतात. स्मारक संरक्षित झालंच तर आसपासच्या बांधकामावर निर्बंध येतात, हेही लपवण्यात अर्थ नाही.

आणि मांत्रिकाला बोलावून रात्री खड्डा खणणाऱ्यांसाठी: गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी कृत्य करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

म्हणून पिवळा तुकडा दिसला तर खणणं तिथेच थांबवा. तो पुसू नका, वाकवू नका, दाताखाली धरू नका. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून जागेवरच फोटो काढा. शेताचा गट क्रमांक, बांधापासूनचं अंतर, किती हात खोल, मातीचा रंग काळा की पांढरा, शेजारी खापर, हाड, कोळसा, विटा काय होतं ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. मग तहसील कार्यालयामार्फत भंडाऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.