उंदीर खणतो, माती श्वास घेते

पाळीव उंदरांच्या पिंजऱ्याजवळ नाकाला झोंबतो तो अमोनिया. लघवीतल्या युरियाचं जिवाणू विघटन करतात, तेव्हा तो सुटतो. आपल्याला नुसता त्रास देणारा हा वायू उंदराच्या फुप्फुसांना मात्र फार महागात पडतो. बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू असतोच. हवेतला अमोनिया वाढला की त्याचा आजार बळावतो, हे 1976 साली अमेरिकेतल्या प्रयोगांतून दिसलं.

म्हणून काही हौशी उंदीरपालक भुशाऐवजी जिवंत मातीचा खोल थर देतात. मातीतले नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात आणि ते रोपांची मुळं शोषून घेतात. याच मातीत आयसोपॉड आणि स्प्रिंगटेल हे चिमुकले जीवही राहतात. आयसोपॉड म्हणजे दगडाखाली सापडणारे राखाडी कवचधारी जीव. ते लेंड्या आणि कुजकी पानं खातात. स्प्रिंगटेल बुरशीवर जगतात. मातीतल्या जिवाणूंना ओलावा लागतो आणि प्राणवायूही. तो खालपर्यंत पोचतो उंदरांच्या बिळांमुळे!

खणणं ही उंदराची खरीखुरी गरज आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या 2016 सालच्या अभ्यासात प्रयोगशाळेतल्या उंदरांना माती मिळाली, तेव्हा ते दिवसातून सुमारे 30 वेळा खणत होते. वयाबरोबर त्यांचं चढणं कमी झालं, खणणं नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण बाजारातल्या बहुतेक पिंजऱ्यांत खणायला काहीच नसतं.

मोठ्या काचेच्या टाकीत कोकोपीट, माती, रेती आणि पालापाचोळ्याचा निदान वीतभर थर घालावा आणि वर हवेशीर जाळी बसवावी. जड दगड मातीवर नव्हे, थेट तळावर टेकवावेत, नाहीतर खाली बीळ खणलं की ते उंदरावर कोसळतात. एक कोपरा ओलसर ठेवावा, बाकी पृष्ठभाग कोरडा. किडे आणि जिवाणू रुजायला काही आठवडे द्यावेत, मगच उंदीर सोडावेत. रोपांसाठी गहू पुन्हा पुन्हा पेरत राहावा, कारण कोंब उंदीर फस्त करणारच. ते आयसोपॉडांनाही खातील, म्हणून आयसोपॉडांना लपायला सालींचे तुकडे हवेत.

मात्र अशी टाकी ‘आपोआप स्वच्छ’ राहते, या समजावर विसंबू नये. जागा अपुरी असेल तर कितीही जिवाणू असले तरी कमीच पडतात. उंदीर ठरलेल्या कोपऱ्यात घाण करतात, तिथली माती काढावीच लागते. झोंबरा वास आला तर उंदीर जास्त आहेत किंवा माती कमी आहे, असं समजावं.

आणि माती अंगणातून, गटाराकाठून आणू नये. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो रानटी उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या अशाच पाण्या-चिखलातून.